गप किती वेळ हुतं?

यंत्र बिघडलं की माणसं साधारणपणे विचारतात, काय झालं? साळवे असं कधी विचारायचे नाहीत. ते खुर्ची ओढून यंत्रासमोर बसायचे, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला म्हणायचे, "बिघडायच्या आदी गप किती वेळ हुतं?" तक्रार घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा प्राध्यापक असायचा. प्राध्यापकांना हा प्रश्न आवडायचा नाही, कारण त्याचं उत्तर त्यांना यायचं नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नेवाशाच्या अलीकडे, चारही बाजूंनी ऊस असलेल्या जागेत होतं. मी तिथे सहायक ग्रंथपाल होते आणि नगरहून रोज एस.टी.नं जाऊन-येऊन करायचे. ग्रंथालय आणि सर्व्हरची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, म्हणजे नसल्यातच जमा. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे वाचणाऱ्याची ओळ चुकायची. त्यामुळे साळव्यांबद्दल मी जे सांगते आहे त्यातलं निम्मं पाहिलेलं आहे आणि निम्मं ऐकलेलं. ऐकलेलं जास्त खात्रीचं आहे.

कॉलेजच्या कागदोपत्री विश्वनाथ साळवे हे वायरमन होते. त्याआधी बारा वर्षं ते नदीकाठच्या एका पंपघरात ऑपरेटर होते. उपसा योजनेचे मोठाले पंप, आणि रात्रंदिवस तो आवाज. त्यामुळे त्यांना हळू बोललेलं थोडं कमी ऐकू यायचं, आणि ज्यांना त्यांच्याबद्दल हळू बोलायचं असायचं त्यांची सोय व्हायची. कॉलेज निघालं तेव्हा ते इथे वायरमन म्हणून लागले. पुढे नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॉलेजात ई-मेल आली आणि ती सांभाळायला पुण्याहून एक हुशार तरुण आला. तो दीड वर्षात बंगळूरला गेला. जाताना खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न निघाला, तेव्हा साळवे तिथेच शिडीवर उभे राहून ट्यूब बदलत होते. त्यानं किल्ली वर दिली, साळव्यांनी वरूनच घेतली. त्यांची नेमणूक झाली ती एवढीच. नेमणुकीचा कागद काही निघाला नाही.

किल्ली मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी साळवे माझ्या टेबलाशी आले आणि सर्व्हरच्या पुस्तकाची मागणी केली. ते पुस्तक इंग्रजी, नऊशे पानी, आणि कॉलेजात आल्यापासून कुणी उघडलेलं नव्हतं. मी जरा थांबले. माझं थांबणं त्यांनी ओळखलं असावं. "डिक्शनरी बी द्या, मॅडम," म्हणाले. दोन्ही पुस्तकांना त्यांनी वर्तमानपत्राची कव्हरं घातली. रोज चार पानं वाचायचे, पाचवं नाही. कळली नाहीत तर दुसऱ्या दिवशी तीच चार. आठ महिन्यांनी पुस्तक परत आलं तेव्हा त्यात एक रेघ नव्हती, एक कान दुमडलेला नव्हता. पीएच.डी. झालेल्या लोकांकडून परत आलेल्या पुस्तकांत मला शेवेचे तुकडे सापडलेले आहेत.

सर्व्हरच्या खोलीत जाताना ते चपला बाहेर काढायचे. हे पाहून प्राचार्यही काढू लागले, मग सगळेच. दारात चपलांची ओळ लागायची आणि नवीन विद्यार्थ्यांना वाटायचं, आत देव आहे. साळव्यांचं म्हणणं एवढंच होतं, की उसाच्या रानातली माती बारीक असते आणि पंख्यात जाते. दसऱ्याला सगळे येऊन यंत्राला हळद-कुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे. साळवे हात बांधून बाजूला उभे राहायचे. ते बौद्ध, घरी त्यांच्या ही पूजा नव्हती. पण ते कुणाला अडवायचे नाहीत. सगळे गेले की ओल्या फडक्यानं हळद पुसून काढायचे आणि पेढा खायचे.

गप किती वेळ होतं, हा प्रश्न ते माणसांनाही लावायचे. वर्कशॉपचे एक सर होते, शांत स्वभावाचे. एके दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी चहाचा कप भिंतीवर फेकला. चहात साखर कमी होती, एवढंच कारण. सगळे एकमेकांना सांगत सुटले, की सरांचं डोकं फिरलं. साळवे भिंतीवरचं बटण दुरुस्त करायला आले होते, कारण चहा त्याच्यावर गेला होता. स्क्रू पिळता पिळता त्यांनी विचारलं, "सर गप किती दिस हुते?" मग आमच्या ध्यानात आलं, की सर तीन आठवडे कुणाशीच बोललेले नव्हते. घरी आई आजारी होती आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. साखरेचा काही संबंध नव्हता.

ही सवय पंपघरातली. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून दिलं होतं. "पंप बंद पडला आन् तळाचा व्हॉल्व गळका असला, की पाईपातलं पानी हळूहळू नदीत उतरतं. मंग पुन्ना चालू केला तर पंप फिरतो, आवाज बी करतो, पन पानी येत न्हाई. लोक म्हनतात, पंप गेला. पंप कुटं गेलाय? पाईप रिकामा झालाय. म्हनून आदी इचारायचं. पाच मिंटं गप हुता का रातभर." एवढं बोलून ते उठले. चहासुद्धा न घेता एवढं ज्ञान फुकट देणारा माणूस आमच्या कॉलेजात दुसरा नव्हता.

आता ज्या भानगडीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

आमच्या मेलवर एक फिल्टर होता. आलेलं आणि जाणारं प्रत्येक पत्र हा फिल्टर आधी तपासायचा. माणूस आपल्या कॉलेजचा आहे का, पत्रात काही नको ते आहे का, हे बघायचा आणि मगच सोडायचा. त्याची गरज होती. काही प्राध्यापक "हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल" अशी पत्रं इमानदारीनं अकरा जणांना पाठवत होते, आणि आमची एकुलती एक टेलिफोन लाइन दुपारपर्यंत तुंबून राहायची. अनर्थ होत होता तो असा.

हा फिल्टर अधूनमधून अडायचा. पत्र पाठवलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ येऊन बसायचं, ते हलायचंच नाही. आणि तक्रार करून कुणाला बोलवावं, तर दुसरं पत्र झटक्यात जायचं. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, त्यातला प्रकार.

सर्वात जास्त अडायचं ते सेक्रेटरी साहेबांचं पत्र. सेक्रेटरी म्हणजे संस्थेचे संस्थापक कैलासवासी नानासाहेब यांचे पुतणे. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता, आणि ते रोज सकाळी दहाला कॉलेजात येऊन त्याला पत्र पाठवायचे. त्यांचा मान म्हणून असा हुकूम होता, की साहेबांचं पत्र गेल्याखेरीज सकाळी कुणी मेलला हात लावायचा नाही. साहेब बसायचे, तीन मिनिटं वाळूचं घड्याळ बघायचे, आणि मग त्यांच्यामागून शिपायानं आपल्या पुतण्याला पाठवलेलं पत्र चुटकीसरशी निघून जायचं. साहेबांनी यातून निष्कर्ष काढला. त्यांना निष्कर्ष काढायला आवडायचं.

"हे मुद्दाम होतंय," ते प्राचार्यांना म्हणाले. भिंतीअलीकडे मला स्वच्छ ऐकू आलं. "वायरमन माणसाच्या हातात सर्व्हर दिल्यावर दुसरं काय होणार? उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत हे नीट झालं नाही, तर पुण्याच्या एजन्सीला देऊन टाका सगळं. साळव्यांना म्हणावं, आपल्या शिडीवर जा."

प्राचार्य भला माणूस. भला एवढा, की कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. त्यांनी साळव्यांना बोलावून दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या. नीट झालं तर 'संगणक सहायक' या पदासाठी तुमचा प्रस्ताव मी स्वतः पाठवीन, आणि नाही झालं तर शिडी.

साळव्यांना ते पद हवं होतं. पगारात फरक पडणार नव्हता, हे प्राचार्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. त्यांची मुलगी सुजाता बारावीला होती, आणि तिच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. साळव्यांनी फॉर्म माझ्याकडे तपासायला आणला तेव्हा बाकी सगळं शाईनं भरलेलं होतं आणि त्या रकान्यात काहीच नव्हतं. मी वर पाहिलं. "तिथं थांबा जरा, मॅडम," साळवे म्हणाले. "पोरगी म्हनते, तुमी रोज काय करता तेच लिवा. मी म्हनलं, मी करतो ते न्हाई, कागदावर हाय ते लिवतात. तवा कागद हुईस्तवर थांबू." मी फॉर्म तसाच परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून साळवे वही घेऊन बसले. शंभर पानी, रेघांची. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पुढचे दोन आठवडे प्रत्येक पत्राची नोंद झाली. ती वही मी पाहिली आहे. "सकाळी १०.०२. सेक्रेटरी साहेब. गप १६ तास. उशीर ३ मि." "१०.०६. शिपाई. गप ४ मि. उशीर नाही." "११.४०. केमिस्ट्री. गप १९ मि. उशीर नाही." "२.१५. प्राचार्य. गप २५ मि. उशीर ३ मि." पानंच्या पानं असं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "साळवे, साहेब यायच्या आधी तुम्हीच एक पत्र पाठवून द्या ना स्वतःला. म्हणजे त्यांचं लगेच जाईल."

त्यांनी माझ्याकडे जरा दुःखानं पाहिलं. "एक तर हुकूम हाय, त्यांच्या आदी कुनी हात लावायचा न्हाई. आन् दुसरं असं, मॅडम, बादलीनं वरून पानी भरून पंप रोज चालू करता येतो. लोक करत्यात बी. पन मंग व्हॉल्व कोन बघनार?"

दोन आठवड्यांनी ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा नेहमीसारखाच, म्हणजे काही कळणार नाही असा. वहीतून निघालेलं त्यांनी सांगितलं: वीस मिनिटांच्या आत पत्रं येत-जात राहिली तर फिल्टर बरोबर चालतो, वीस मिनिटांच्या वर गप राहिला की झोपतो, आणि उठल्यावर पहिल्या पत्राला तीन मिनिटं लावतो. सोळा तास झोपला तरी तीन, पंचवीस मिनिटं झोपला तरी तीन.

"मग?" मी विचारलं.

"बिघाड एवढा येळेवर नसतो. आळशी मानूस बी एक दिस दोन मिंटं आळस करील, एक दिस पाच. हे रोज मोजून तीन. हे काई बिघडलेलं न्हाई, मॅडम. हे कुनाची तरी वाट बघतंय."

कुणाची, ते दुसऱ्या दिवशी कळलं. फिल्टरला माणसांची नावं तपासायला एक यादी लागायची, आणि ती यादी कोणत्या संगणकावर आहे हे एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं होतं. दोन संगणक, एकाखाली एक. फिल्टर झोपेतून उठला की आधी वरच्याला विचारायचा. उत्तर आलं नाही तर मिनिटभर थांबायचा, पुन्हा विचारायचा, अशी तीनदा विचारणा झाल्यावर खालच्याकडे वळायचा. खालचा लगेच उत्तर द्यायचा. मग जागा असेपर्यंत फिल्टर खालच्यालाच विचारत राहायचा. वीस मिनिटं गप बसला की सगळं विसरायचा आणि पुन्हा वरून सुरुवात.

वरचा संगणक होता नानासाहेबांचा. कॉलेजातला पहिला संगणक त्यांनी स्वतः भेट दिला होता म्हणून त्याचं नावही 'नानासाहेब' ठेवलेलं होतं. नानासाहेब वारले त्याच्या पुढच्याच वर्षी वळवाच्या पावसात टेलिफोनच्या तारेवर वीज पडली आणि तो संगणकही गेला. तेव्हापासून तो सर्व्हरच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर, चंदनाचा हार घालून ठेवलेला होता. वायर कशालाच जोडलेली नव्हती. फिल्टर रोज उठून सर्वात आधी त्याला विचारत होता.

हे असं का, याचंही उत्तर होतं आणि ते माझ्याही टेबलाच्या खणात होतं. नानासाहेब गेल्यावर संस्थेनं ठराव केला होता, की संस्थेच्या प्रत्येक यादीत त्यांचं नाव प्रथम क्रमांकावर राहील. ठराव करणाऱ्यांच्या मनात निमंत्रणपत्रिका आणि फलक असावेत. पण परिपत्रक काढणाऱ्या कारकुनानं ते सवडीनं, वर्ष-दीड वर्षानं, सर्व विभागांना पाठवलं, आणि आमच्याकडे परिपत्रकाचा अर्थ विचारायची पद्धत नाही. सही करून अंमलबजावणी करायची. त्यामुळे ग्रंथालयाच्या सभासदांच्या यादीत एक नंबरला नानासाहेब होते. पुस्तकं बाकी शून्य. वसतिगृहाच्या मेसच्या यादीत ते पहिले होते आणि नावापुढे 'शाकाहारी' असं लिहिलेलं होतं. पुण्याच्या त्या हुशार तरुणानं बंद पडलेल्या संगणकाचं नाव खोडलं होतं, ते परिपत्रक आल्यावर त्यानं पुन्हा वर लिहिलं. मनात काय म्हणून लिहिलं असेल ते त्याचं त्याला माहीत. मग तो बंगळूरला गेला.

"एक ओळ खोडायची ना? खोडून टाका," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

"परिपत्रकावर माझी बी सही हाय," साळवे म्हणाले. मग चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला. उठताना म्हणाले, "दुसऱ्या कुनी ते नाव खोडलं, तर चूक झाली म्हनतील. मी खोडलं तर काय म्हनतील ते मला पाठ हाय, मॅडम."

त्या कॉलेजात मी इतकी वर्षं होते, आणि हे वाक्य ऐकेपर्यंत ते मला सुचलंसुद्धा नव्हतं, याची लाज वाटली.

त्यांनी रीतसर अर्ज केला. प्राचार्यांनी तो वाचला, घाम पुसला आणि "हा विषय सेक्रेटरी साहेबांच्या अखत्यारीतला आहे" असा शेरा मारला. सेक्रेटरी साहेबांनी "काकांचं नाव खाली? माझ्या हयातीत नाही" असं तोंडी सांगितलं आणि "कार्यकारिणीपुढे ठेवावे" असं लेखी लिहिलं. कार्यकारिणी दिवाळीत बसायची. सुट्टी संपायला बारा दिवस उरले होते.

मग साळवे आक्कांकडे निघाले. आक्का म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी, पंचाहत्तरीच्या पुढच्या, कॉलेजपासून चार मैलांवर मळ्यात राहायच्या. संस्थेच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. पण त्यांच्यापुढे सेक्रेटरी साहेब खुर्चीत बसत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत होतं. "तुमी संगं चला, मॅडम," साळवे म्हणाले. "बाईमानूस असलं की बरं पडतं." कॉलेजचा टेम्पो तिकडेच खत आणायला चालला होता, त्यात आम्ही बसलो. साळव्यांनी धुतलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घेतली होती.

आक्का ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. आम्हाला बघून हात थांबवला नाही. साळवे पायरीशीच उभे राहिले. आक्का म्हणाल्या, "वर या की. हितं काय बस थांबती का?" मग ते वर आले आणि पोत्याच्या कडेला बसले. मलाही चिंचा पुढे सरकवण्यात आल्या, मी फोडायला लागले.

साळव्यांनी वही काढली नाही. पंपापासून सुरुवात केली. पंप आक्कांना ठाऊक होता. त्यांनी मध्येच तळाच्या व्हॉल्वबद्दल एक दुरुस्तीही केली. मग साळवे संगणकावर आले, झोपेवर आले, आणि शेवटी, मान खाली घालून, यादीतल्या पहिल्या नावावर आले.

आक्कांचा हात थांबला. "म्हंजी ते तुमचं यंत्र उठलं, की आदी ह्यांना हाक मारतं?"

"व्हय, आक्का."

"किती डाव?"

"तीन डाव."

"आन् मंग?"

"मंग पुढच्याला इचारतं."

मळ्यातली मोटार चालू होती, तिचा आवाज तेवढा येत होता. "मी वरीसभर मारल्या हाका," त्या म्हणाल्या. "चूल पेटवली की आदी हाक. मंग ध्यानात यायचं." त्यांनी एक चिंच फोडली, चिंचोका बाजूला टाकला. "आरं, पन ह्या मानसानं कदी पहिल्या पंगतीला पान घेतलं न्हाई. सगळी जेवली, वाढपी जेवली, मंग हे बसायचे. पोरीच्या लग्नात बी. आन् मेल्यावर तुमी त्यांला सगळ्याच्या आदी बसवलं व्हय? कुनाची अक्कल ही?"

साळव्यांनी ठरावाचं सांगितलं.

"बाळ्याची आसंल," आक्का म्हणाल्या. सेक्रेटरी साहेबांना या जगात कुणीतरी बाळ्या म्हणतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "खोडू नका नाव. शेवटी लिवा. ते शेवटीच बसतील. कागद आना, सही देते."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. जोडाक्षरापाशी त्या थांबल्या, मग सावकाश पुढे गेल्या. साळव्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. निघताना आक्कांनी दोघांना किलो-किलो चिंच बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सेक्रेटरी साहेब आले. बाळ्याशी आक्कांचं रात्रीच बोलणं झालं असावं, कारण कागदाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. खुर्चीत बसले, पत्र लिहिलं, पाठवलं. पत्र गेलं. लगेच गेलं. साहेब तसेच पडद्याकडे बघत बसून राहिले, कारण त्या तीन मिनिटांत त्यांचा चहा व्हायचा, आणि तो अजून आलेला नव्हता. भिंतीअलीकडून मी कान लावून ऐकत होते. साळवे एवढंच म्हणाले, "गप सतरा तास हुतं, साहेब." नानासाहेबांचं नाव आता दुसऱ्या ओळीत होतं आणि खालच्या संगणकाचं वर. वहीत शेवटची नोंद झाली: "उशीर नाही."

पुढचे पंधरा दिवस एकही तक्रार आली नाही. साळव्यांनी फॉर्मची आठवण मला केली नाही, मीही त्यांना केली नाही. दोघंही कागदाची वाट बघत होतो.

कागद आला. तो कार्यालयीन प्रत म्हणून माझ्याकडेही आला, त्यामुळे अक्षरन् अक्षर आठवतो. "ई-मेल यंत्रणा सुरळीत चालू असून कोणतीही तक्रार प्रलंबित नाही. सबब सदर यंत्रणेसाठी स्वतंत्र एजन्सी अथवा स्वतंत्र कर्मचारी यांची आवश्यकता दिसून येत नाही. श्री. वि. साळवे, वायरमन, यांनी मूळ कामावर हजर व्हावे. खोलीची किल्ली कार्यालयात जमा करावी."

मला संताप आला. मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. प्राचार्य म्हणाले, "अहो मॅडम, मलाही वाईट वाटतंय. पण आता तिथं काम काय उरलंय, तुम्हीच सांगा. त्यांनी इतकं छान करून ठेवलंय." मी ठरवलेलं सगळं विसरले आणि "हो ना" म्हणून परत आले. त्या "हो ना"चा मला आजही राग येतो.

साळव्यांनी कागद दोनदा वाचला. खाली 'मिळाला' असं लिहून सही केली, तारीख घातली. खोली झाडली, संगणकांवर कापड घातलं, कोपऱ्यातल्या नानासाहेबांवरही घातलं. किल्ली कार्यालयात जमा करून पावती घेतली. दुपारी ते पोर्चमध्ये शिडीवर होते. खालून जाताना मी थांबले. त्यांनीच विचारलं, "लायब्ररीतल्या तिसऱ्या पंख्याचा आवाज येतोय का अजून?" येत होता. त्यांनी तो संध्याकाळी काढला.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडून पुण्याला गेले. त्यानंतर साळवे मला एकदाच भेटले, नगरच्या स्टँडवर. दुपारची वेळ होती, आम्ही माहेरून परत निघालो होतो. पुण्याची गाडी लागली आणि गर्दीत मागून कुणीतरी म्हटलं, "मॅडम." तोच पांढरा शर्ट, चष्मा नवीन. बरोबर सुजाता होती, हातात ट्रंक. तिला पुण्यात कॉम्प्युटरच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि वडील तिला पोचवायला निघाले होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातातली पिशवीच घ्यायला गेले. मिस्टर जरा मागे उभे होते. मी त्यांना हाक मारून पुढे घेतलं आणि हसत हसत ओळख करून दिली.

"हे साळवे. आमच्या कॉलेजचे वायरमन."

बोलल्यावर मला ऐकू आलं. त्या माणसाला नऊशे पानांचं पुस्तक मीच दिलं होतं. त्यांची वही मी पाहिली होती, आक्कांच्या ओसरीवर मी चिंचा फोडल्या होत्या. सगळ्या जगात एका माणसानं हा शब्द वापरायला नको होता, ती मी होते. सुधारून घ्यावं म्हणून मी तोंड उघडलं, पण काय म्हणायचं? कागद तर तसा कधी निघालाच नव्हता.

सुजातानं माझ्याकडे एकदा पाहिलं. साळव्यांनी पाहिलं नाही. ते मिस्टरांना हात जोडून नमस्कार करत होते आणि सांगत होते, की साहेब, पुन्याला जाताना डाव्या अंगाला बसा, मॅडमना ऊन लागनार न्हाई.